मागच्या एक्सलचा कुलवृत्तांत

कोल्हापूर जिल्ह्यातली प्रत्येक जुनी जीप दुसऱ्या महायुद्धात लढलेली आहे. युद्ध संपल्यावर जन्मलेली जीप आमच्या भागात असल्याचं निदान मालकांच्या तोंडून तरी मी कधी ऐकलेलं नाही. कुणाची ब्रह्मदेशच्या आघाडीवर होती, कुणाची इटलीत. ओळखीतल्या एका गृहस्थांची जीप तर खुद्द जनरल मॅकआर्थर वापरायचे. ती ते गडहिंग्लजला का सोडून गेले, हे मात्र विचारायचं नसतं.

अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यातल्या किती युरोपात गेल्या आणि किती पॅसिफिकच्या बेटांवर, याचे हिशेब इतिहासकार मांडत असतात. त्यांनी एकदा सांगली-कोल्हापूर-सातारा असा फेरा मारावा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवायला एखादी तरी उरली होती का, अशी शंका त्यांना नक्की येईल.

माझी जीप कोहिमाची. १९४४ साली कोहिमाला जपानी फौजांना अडवलं गेलं, त्या लढाईत ती होती असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि पुरावा म्हणून उजव्या मडगार्डवरचं भोक दाखवलं. "जपानी गोळी," ते म्हणाले. भोक अगदी गोल होतं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या आणि बरोबर दोन इंचांवर तसंच दुसरं होतं. आरसा बसवायला लागतात तेवढ्याच अंतरावर. जपानी नेमबाजीबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला.

"पण आर. सी. बुकात १९६२ लिहिलंय," मी म्हणालो.

"लष्करातून सुटल्यावर नोंदणी झाली ना."

"सतरा वर्षांनी?"

"मिलिटरीचं काम. वेळ लागतो."

असलं उत्तर ऐकून शहाणा माणूस उठून जातो. मी चहा घेतला आणि इसार दिला. कारण तोवर मनातल्या मनात मी पाहुण्यांना हीच हकीकत सांगायला सुरुवात केली होती. बॉनेटवर कोपऱ्यात रंग उडाला होता, तिथे लष्करी हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली करडा रंग दिसत होता. म्हणजे तिचा लष्करी हिरवा हा सगळ्यांत ताजा. तिकडे मी बघितलं नाही.

पण गाडीचा कुलवृत्तांत बॉनेटवर लिहिलेला नसतोच. बॉनेट बदलतं, इंजिन बदलतं, नंबराची पाटी तर हौसेनं बदलतात. मागचा एक्सल मात्र गाडीच्या खाली, चिखलात आणि ग्रीसमध्ये तोंड लपवून पडलेला असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे त्याला खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसतं.

माझ्या एक्सलनं तोंड उघडलं ते तेलामुळे. पोर्चमध्ये उजव्या मागच्या चाकाखाली नव्वद नंबरच्या ऑइलचं तळं साचू लागलं. ऑइल सील गेलं होतं. सील म्हणजे रबर-पत्र्याची तळहाताएवढी चकती. ती आणायला मी स्पेअरच्या दुकानात गेलो.

"जीपच्या मागच्या चाकाचं ऑइल सील द्या."

"एक्सल कुठला?"

"मागचा."

"मागचाच ओ. पण कसला? फुल फ्लोटिंग का सेमी?"

या प्रश्नाला ठामपणे "सेमी" म्हणावं की "फुल" म्हणावं, याचा मी विचार करत होतो. कुठलाही शब्द चालला असता, फक्त आवाजात आत्मविश्वास हवा. पण दुकानदारानं माझा चेहरा वाचला.

"चाकाच्या मधोमध सहा बोल्ट हायत का एकच मोठा नट?"

"व्हीलकॅप आहे."

"काढा की मग ती. खालनं गोळा घासून नंबर बघा, दात मोजा, मग या. नुसतं जीप म्हणून काय द्यायचं?" आणि त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

प्रश्न साधा आहे. युद्धातल्या जीपचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग. गाडीचं वजन हौसिंगच्या नळीवर, आतल्या शाफ्टनं फक्त फिरायचं. चाकाच्या मध्यभागी सहा बोल्टांची चकती असते. ते बोल्ट सोडले की चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढून घेता येतो. युद्धानंतरच्या जीपना थोड्याच काळात सेमी फ्लोटिंग आला. तिथे शाफ्टच वजन पेलतो, त्याचं टोक निमुळतं असतं, हब त्यावर ठोकून बसवलेला आणि वर एक मोठा नट. म्हणजे व्हीलकॅप उचकटली की दोन मिनिटांत निकाल.

व्हीलकॅप उचकटली. आत एक मोठा नट होता.

"सहा बोल्टांचं काढून नट लावला असणार, दाजी," मेहुणा म्हणाला. "कोहिमाला, घाईघाईत."

मेहुण्याला जीपमधलं सगळं कळतं. त्याच्याकडे जीप नाही, त्यामुळे त्याच्या ज्ञानात अडथळा येत नाही. त्याचा आवाज ऐकून शेजारचे काका आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. "माझी सगळी नोकरी जीपमध्ये गेली," असं म्हणत त्यांनी वाकून पाहिलं आणि एक्सल मूळचा अमेरिकन असल्याचा निर्वाळा दिला. काकांची नोकरी जीपमध्ये गेली हे खरंच, पण ती पुढच्या डाव्या सीटवर गेली. मागचा एक्सल त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "गोळा मध्यभागी नाही, उजवीकडे सरकलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "अपघात झालेला दिसतो." आता जीपचा गोळा, म्हणजे एक्सलवरचा दातेरी चक्रांचा फुगवटा, उजवीकडेच असतो, ट्रान्सफर बॉक्समधून मागे जाणारा शाफ्टच उजव्या अंगानं निघतो. लढाईतल्या जीपपासून पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. पण काकांनी अपघाताचं ठिकाणसुद्धा सांगायला घेतलं होतं. त्यांना थांबवणं बरं दिसलं नसतं.

रविवारी पुण्याहून एक जाणकार आले. जुन्या गाड्यांच्या रॅलीत दिसतात तसे, डोक्यावर टोपी आणि खिशात भिंग. फोर्डनं जीप बनवताना आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, छोटा 'एफ' उमटवला होता ही गोष्ट खरी आहे. ते सतरंजी अंथरून गाडीखाली शिरले आणि एकेक बोल्ट भिंगातून बघू लागले.

"एफ आहे!" खालून आवाज आला.

आम्ही सगळे वाकलो.

"किंवा गंज आहे," पुन्हा आवाज आला.

दुपारपर्यंत त्यांना काही एफ सापडले, काही ई सापडले आणि एके ठिकाणी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मोडी लिपीतला श सापडला. जेवून ते पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "फोर्डच. नाहीतर मग विलीज." याबद्दल मलाही शंका नव्हती.

मग मी स्वतः रॉकेल, तारेचा ब्रश आणि पत्र्याची पट्टी घेऊन खाली शिरलो. एक्सलवर ग्रीस आणि मातीचा जो थर होता त्यात पन्हाळ्याची लाल माती होती, उसाची पाचट होती आणि एक जुनी बिडी होती. थर निघाला तशी खाली बिडाची कातडी दिसायला लागली. मागच्या झाकणाचे दहा बोल्ट दिसले. आणि हौसिंगच्या अंगावर, ओतकामातच उठलेले, ठळक दोन आकडे: ४४.

मेहुण्यानं पहिल्यांदा पाहिलं. तो काही क्षण बोललाच नाही, आणि तो बोलला नाही म्हणून बाकीचे धावत आले.

"चव्वेचाळीस," तो शेवटी म्हणाला. "एकोणीसशे चव्वेचाळीस. कोहिमा!"

काकांनी माझा हात हातात घेतला. मेहुण्यानं सगळ्यांना मिसळ खायला नेलं आणि पैसे मी दिले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती, आणि रात्री ज्यांना मी गेल्या वर्षभरात कोहिमा सांगून पिडलं होतं त्या सगळ्यांना त्या दोन आकड्यांचा फोटो गेला. पाहुण्यांत एकानं तर लिहिलं की आजोबांनाही अशाच गाडीतून उतरताना पाहिल्याचं त्याला आठवतं. त्याचे आजोबा इचलकरंजीला सूतगिरणीत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं फोटो पाहिला, कपाटातून सील काढलं आणि काउंटरवर टाकलं.

"फोर्टी-फोर. हे घ्या."

"बघा ना, एकोणीसशे चव्वेचाळीसचा एक्सल आणि अजून..."

"साल कुठलं मालक? एक्सलचा नंबर हाय तो. डेना फोर्टी-फोर. लढाईतल्या गाडीला तेवीसचा असतोय. हा लढाईनंतरचा. सीजे-थ्री-बीला सगळ्यांना हाच." जीप जोडायचं काम चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू झालं, तिथपासूनचा इतिहास त्यानं मला सील कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितला. मी मान डोलावत होतो. मिसळीचं बिल मला आठवत होतं.

घरी कुणाला हे पटलं नाही. मेहुण्याचं म्हणणं, दुकानदारांना इतिहासातलं काय कळतं. तेव्हा मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री तंबाखू मळत म्हणाले, "वाद कशाला? दात मोजूया. झाकण उघडायची पण गरज नाही. चाक फिरवा, शाफ्ट मोजा."

गणित असं आहे. लढाईतल्या जीपच्या मागच्या गोळ्यात क्राउनला म्हणजे मोठ्या चक्राला ३९ दात आणि पिनियनला म्हणजे लहानाला ८, म्हणजे प्रमाण ४.८८. नागरी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. चाकांचा एक फेरा होईतो प्रॉपेलर शाफ्ट एकीकडे पाचाला थोडं कमी फिरतो आणि दुसरीकडे सव्वापाचाहून जास्त. मधलं अंतर नेमकं अर्ध्या फेऱ्याचं. त्या अर्ध्या फेऱ्यावर आमच्या घराण्याची अब्रू टांगलेली होती.

उजवं मागचं चाक जॅकवर उचललं. शाफ्टवर खडूची रेघ ओढली. सुरक्षितता म्हणून मी हँडब्रेक करकचून ओढून ठेवला होता. चाक हलेना. काकांनी बेअरिंग जाम झाल्याचं जाहीर केलं. मेहुणा म्हणाला, क्राउन तुटलाय. मी दोघांना दुजोरा दिला. मिस्त्रींनी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं, तंबाखू दाढेखाली सारली, डाव्या मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावले आणि हँडब्रेक सोडला. या जीपचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही, ट्रान्सफर बॉक्समागच्या ड्रमला म्हणजे त्या शाफ्टलाच धरतो. चाक सुरळीत फिरलं.

"दोन आणि वर जवळजवळ पाऊण!" मेहुण्यानं मोजलं. "दोन पूर्णांक सात! मिस्त्री, असा एक्सल जगात एवढाच असणार. जनरलच्या खास गाडीचा!"

"एकच चाक उचललंय," मिस्त्री म्हणाले. "जोडीदार उभा राहिला की हे दुप्पट पळतंय. दोन फेरे द्या."

दोन फेरे दिले. मेहुण्याच्या मते शाफ्ट बरोबर ४.८८ फिरला, खडूच्या रेघेवरून दोन दशांशांपर्यंत वाचणारा तो भारतातला एकमेव माणूस असावा. काकांच्या मते पाच. माझ्या मते पाचाला कमी, कारण पाचाला कमी दिसत होता तेव्हाच मी बघणं थांबवलं होतं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीन आकडे आले, आणि या वेळी तर कुणीही आपला आधीचा आकडा राखू शकलं नाही.

पोर्चच्या कडेला खुर्चीत आई जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पाच झाले आणि वर थोडं. अर्ध्याला कमीच."

"आई, तुला यातलं काय कळतंय?"

"मला काही कळत नाही रे. खडूची रेघ वर आली की मी मणी ओढत होते."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग पुढचं चाक उचललं. या वेळी मोजायला त्यांनी आईलाच सांगितलं. आम्हा तिघांना चाक फिरवायला आणि दगड धरायला ठेवलं.

"पाचाला जरासं कमी," आई म्हणाली.

म्हणजे मागचा एक्सल ५.३८ आणि पुढचा ४.८८. पुढचा अंगापिंडानं लढाईचा, मागचा नंतर कुणीतरी शेतावरच्या जीपचा आणून बसवलेला. जीप खरेदी करताना विकणारा कानात म्हणाला होता, "एवढं करा, फोर व्हीलमध्ये कधी टाकू नका. टाकायचीच नसते." मला तेव्हा तो लष्करी शिष्टाचार वाटला होता. आता उलगडा झाला. मागचं चाक दहा फेरे घेतं तेवढ्यात पुढचं अकरा घ्यायला बघतं. दोन चाकांवर चालवताना हे कळतही नाही, पण डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकलं की पुढचा एक्सल म्हणतो चला आणि मागचा म्हणतो थांबा, आणि मधला ट्रान्सफर बॉक्स दोघांचा मार खातो. पन्हाळ्याच्या घाटात एकदा मी हे करून पाहिलं होतं. गाडी जी कण्हली, ती मागे बसलेल्या मंडळींनी देवाचा कोप मानला आणि वर पोचल्यावर आधी ज्योतिबाच्या दिशेनं हात जोडले.

एवढं झाल्यावर सील बसवायचं राहिलंच होतं. त्यासाठी उजवा हब काढायचा. निमुळत्या शाफ्टवर कुणाच्या तरी तारुण्यात ठोकून बसवलेला हब पुलरला दाद देईना. पुलरचा एक पाय वाकला. मिस्त्री म्हणाले, "नट दोन आटे ढिला करा, काढू नका बरं का, आणि मैदानात आठ काढा. आपोआप सुटतोय." हा जुन्या मिस्त्र्यांचा जगन्मान्य इलाज आहे आणि तो चालतो. मी मैदानात आठ काढू लागलो. मागे मेहुणा पळत होता, चाकाला कान लावून. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून उभी राहिली.

"आर. टी. ओ.ची टेस्ट हाय व्हय काका?" एकानं विचारलं.

"इतकी वर्सं बिनलायसन फिरत हुता," कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यानं दुसऱ्याला माहिती दिली.

कितव्या आठाला कोण जाणे, पण फाडकन बार झाला. मैदानावरची कबुतरं उडाली. हब सुटला होता. कोहिमाच्या जीपनं आयुष्यात ऐकलेला हा बहुधा पहिला गोळीबार.

सील बसलं, तेल थांबलं. पण माझ्या मनातून तो अर्धा फेरा काही जाईना. पुतणीनं मध्येच एक सरकारी कागद वाचून दाखवला. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत सुधारणा केली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत; मागच्या एक्सलचं नाव त्यात नाही. म्हणजे १९६२ ची गाडीसुद्धा आरामात बसते, कोहिमाची गरजच नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच काढायची. शेवटची दोन कामं माझी जीप आधीपासून निष्ठेनं करत आली आहे.

पण पाहुण्यांना काय सांगणार? मिस्त्रींचा सल्ला रोकडा होता: पुढच्या एक्सलमध्ये ४३-८ चा क्राउन-पिनियन टाका, दोन्ही सारखे होतील, फोर व्हील चालेल. घरात लढाई पाहिलेला तो एकच सदस्य, आणि त्याचेच दात काढायचे! मी ठरवलं, मागचाच लढाईचा आणायचा.

तेव्हापासून शोध चालू आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एकानं छातीठोकपणे लढाईचा एक्सल दाखवला. तो ट्रॅक्टरचा निघाला. "थोडा कापला की बसतोय," तो म्हणाला. मुंबईहून एकानं सहा बोल्टांचा फोटो पाठवून 'सेम टू सेम' असं लिहिलं. तो पाण्याच्या पंपाचा होता. उद्यमनगरातल्या कारखानदारानं तर हात झटकून सांगितलं, "नमुना आणा, पाहिजे तेवढे ओतून देतो." नमुना मिळाला असता तर मी त्याच्याकडे कशाला गेलो असतो, हे मी विचारलं. "मग एकच ओतून देतो," तो म्हणाला. 'माहीत नाही' असं मला कुणीही म्हणालं नाही. मीही एव्हाना फोटो बघून एक्सल ओळखायला लागलो आहे. परवाच एका अनोळखी माणसाला मी त्याचा एक्सल १९४३ चा असल्याचं फोनवर सांगितलं. त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता, मग मला राहवलं नाही.

तर वाचकहो, तुमच्या गोठ्यात, परड्यात किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळामागे जुन्या जीपचा मागचा एक्सल पडला असेल, तर एवढं करा. चाकाच्या मध्यभागी सहा बोल्ट आहेत का पाहा. गोळा उजवीकडे सरकलेला आहे का पाहा. झाकण उघडता आलं तर मोठ्या चक्राचे दात मोजा. ३९ भरले तर मला लगेच कळवा, दर तुम्ही सांगाल तो. मात्र मोजायला मेहुण्याला बसवू नका, घरातल्या एखाद्या माळ ओढणाऱ्या माणसाला बसवा. आणि घासल्यावर त्यावर ४४ असा आकडा दिसला, तर कृपा करून कळवू नका. तो आमच्याकडे आहे.